वाढत्या अंगाची स्कूटर: एका निवडीचा प्रकरण अभ्यास

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे, हा घरोघरचा हिशेब. बाही लांब झाली तर दुमडायची, पँट लांब झाली तर आतून टीप मारायची. पायाने ढकलायच्या स्कूटरला हा हिशेब लागू पडत नाही. तिच्यात वरखाली होतो तो फक्त हँडलचा दांडा. फूटबोर्ड जमिनीपासून जितका उंच आहे तितकाच शेवटपर्यंत राहतो, चाक लहान होत नाही, वजन घटत नाही. त्यामुळे ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेतलेली मोठी स्कूटर पहिली दोन वर्षं कोपऱ्यात उभी राहते, आणि मूल तिच्या मापाचं होईस्तोवर त्याला सायकल हवी असते.

प्रकरण

मुलगी साडेपाच वर्षांची. उंची 111 सेमी, वजन 18.5 किलो. मागचं वर्षभर चुलत भावाची तीनचाकी स्कूटर चालवलेली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शाळा 900 मीटरवर. सकाळी मुलगी स्कूटरवर आणि आई शेजारून चालत. शाळेच्या फाटकाशी स्कूटरची घडी, ती आईच्या खांद्याला, तिथून बसने कामावर. संध्याकाळी उलटा क्रम. म्हणजे दिवसातून दोनदा घडी उघडायची, दोनदा मिटायची. घरच्यांची अट एकच: स्कूटर एकदाच घ्यायची आणि ती चार वर्षं तरी चालली पाहिजे.

दुकानात ‘बहुपयोगी’ म्हटलं की आसन, ढकलायचा दांडा, चमकणारी चाकं दाखवतात. इथे बहुपयोगीचा अर्थ वेगळा होता: मुलीला आज बसली पाहिजे, चार वर्षांनीही बसली पाहिजे आणि रोज दुसऱ्या कोणाला तरी उचलता आली पाहिजे.

दुकानात जाण्याआधीची मापं

रोजचे बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि टेपने मोजलं. जमिनीपासून बेंबी 65 सेमी. पायाची आतल्या बाजूची लांबी 51 सेमी. बूट 19 सेमी. वजन मात्र दप्तरासकट घेतलं: 20.5 किलो. हा शेवटचा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

फूटबोर्डवर उभं राहिल्यावर हँडल बेंबीच्या पातळीला किंवा त्याहून चार-पाच सेमी वर असावं आणि कोपर किंचित वाकलेलं राहावं. हँडल फार खाली असलं तर पाठ वाकते आणि भार पुढच्या चाकावर जातो. ते चाक कशाला अडलं की मूल हँडलवरून पुढे जातं. फार वर असलं तर खांदे उचललेले राहतात, वळताना अंग झुकवता येत नाही, आणि पडताना हँडल हनुवटीच्या जवळ येतं. म्हणजे या मुलीला फूटबोर्डपासून 65 ते 70 सेमी उंचीवर हँडल हवं.

फूटबोर्डपासून, जमिनीपासून नव्हे. माहितीपत्रकात हँडलची उंची बहुधा जमिनीपासून छापलेली असते. त्यातून फूटबोर्डची उंची वजा केल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, आणि नेमकी तीच वजाबाकी राहून जाते. डब्यावर फूटबोर्डची उंची नसेल तर दुकानात पट्टी लावून मोजायची. कोणी हरकत घेत नाही.

पुढच्या वाढीसाठी वर्षाला 6 सेमी धरले. या वयापासून वयात येईपर्यंत मुलं साधारण 5 ते 6 सेमी वाढतात, वजन दोन-तीन किलोंनी. बेंबीची उंची एकूण उंचीच्या 0.585 पट निघाली. कामचलाऊ अंदाजाला हे गुणोत्तर चार वर्षं पुरतं.

चार स्कूटर आणि एक वजाबाकी

पहिली, आसनाची तीनचाकी. बसून चालवा, ढकला, उभं राहून चालवा असं तिहेरी रूप. हँडल जास्तीत जास्त 64 सेमी, फूटबोर्ड 8 सेमी. वजा केले तर 56 उरतात, म्हणजे ही स्कूटर या मुलीला घ्यायच्या दिवशीच लहान होती. भारमर्यादा 20 किलो, तीही दप्तरासकट ओलांडलेली. युरोपातल्या खेळण्यांच्या मानकात, ईएन 71 मध्ये, स्कूटरवर 20 किलो किंवा 50 किलो असा कमाल भार छापलेला असतो. साडेपाच वर्षांच्या मुलासाठी 20 चा शिक्का दिसला की स्कूटर खाली ठेवायची, रंग कितीही आवडलेला असो.

दुसरी, अंग झुकवून वळवायची तीनचाकी. पुढे दोन चाकं, मागे एक, भार 50 किलो, वजन 2.8 किलो, फूटबोर्ड फक्त 6 सेमी. हँडल 62 ते 80. वजाबाकीनंतर 56 ते 74, म्हणजे आज व्यवस्थित आणि मूल 126 सेमीचं होईपर्यंत चालेल, अडीच वर्षं. तोल न आलेल्या चार वर्षांच्या मुलाला आम्ही डोळे झाकून हीच सुचवली असती. पण या मुलीला तोल आलेला होता. शिवाय पुढचा भाग 28 सेमी रुंद, घडी घातली तरी तो तेवढाच रुंद. बसच्या सीटखाली जात नाही आणि खांद्याला लावली तर जिन्यात कठड्याला आपटते.

तिसरी, घरातल्या वडीलधाऱ्यांची आवडती: 200 मिमी चाकांची दोनचाकी, भार 100 किलो, हँडल 84 ते 104, ‘बाबाही चालवतील’. फूटबोर्ड 10 सेमी, वजन 4.8 किलो. वजाबाकीनंतर सर्वांत खालचं हँडल 74, बेंबीपासून 9 सेमी वर, बरगड्यांच्या खालच्या कडेशी. यावर ‘सहा महिन्यांत वाढेल की’ असं उत्तर मिळालं. सहा महिन्यांत बेंबी पावणेदोन सेमी वर जाते.

हँडलपेक्षाही फूटबोर्डची उंची जास्त नडते. ढकलणारा पाय जमिनीला टेकवायचा तर उभा पाय दर वेळी गुडघ्यात तेवढा वाकवावा लागतो. 51 सेमी लांबीच्या पायाला 10 सेमी म्हणजे 80 सेमी पायाच्या मोठ्या माणसाला जवळजवळ 16 सेमी. जिन्याची एक पायरी. एका पायावर उभं राहून 900 मीटरभर पायरी उतरून-चढून बघा, मग मूल शंभर मीटरवर ‘पाय दुखतो’ का म्हणतं ते कळेल. वजनाचंही तसंच. 18.5 किलोच्या मुलीला 4.8 किलो म्हणजे अंगाच्या वजनाच्या 26 टक्के. 60 किलोच्या माणसाने साडेपंधरा किलोची स्कूटर फुटपाथवर चढवण्यासारखं.

चौथी: दोनचाकी, दोन्ही चाकं 145 मिमी, फूटबोर्ड 7.5 सेमी, वजन 3.4 किलो, भार 50 किलो. हँडलला चार भोकं: 68, 76, 84, 92. वजाबाकीनंतर 60.5, 68.5, 76.5, 84.5. दुसरं भोक आज नेमकं बसतं. शेवटचं भोक उंची 144 सेमी होईपर्यंत पुरतं. मधले तेहेतीस सेमी सहाच्या वेगाने भरायला पाच वर्षांहून थोडे जास्त लागतात. हीच घेतली.

भोकांमधलं 8 सेमीचं अंतर मात्र जरा जास्तच. सहाचं असतं तर बरं. बिनभोकाचा, नुसत्या क्लॅम्पवर कसायचा दांडा हवी ती उंची देतो, पण क्लॅम्प सैल पडला की चालता चालता खाली सरकतो. खटक्यासाठी भोकं आणि वरून क्लॅम्प, दोन्ही असलेला दांडाच घ्यावा.

चाकाचं माप

145 वर समाधान मानलं ते का, हे सांगायला हवं, कारण मोठं चाक चांगलं हे खोटं नाही. फुटपाथच्या लाद्यांमध्ये 10 मिमीची कड असेल तर 100 मिमीचं चाक तिला सुमारे 37 अंशांच्या कोनात भिडतं, 145 चं साडेतीस, 200 चं 26. कोन जितका जास्त तितका धक्का हँडलकडे मागे येतो. 100 वरून 145 वर येताना सहा-साडेसहा अंशांचा फायदा होतो. 145 वरून 200 वर गेल्यास साडेचारच मिळतात, आणि त्यासाठी फूटबोर्ड वर जातो, वजन वाढतं. मुलीच्या पायाचा हिशेब धरला तर हा सौदा परवडत नाही.

चाक पॉलियुरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचं. कडकपणा 82ए ते 85ए च्या आसपास छापलेला असतो. आकडा कमी तितकं चाक मऊ, पकड चांगली, झीज लवकर. ओल्या गुळगुळीत लादीवर कोणतंही पॉलियुरेथेन घसरतंच, तिथे आकडा मदतीला येत नाही. बेअरिंगवरच्या एबेक 5, 7, 9 या खुणांवर तर भाळूच नये. तो घडणीतल्या मापांच्या अचूकतेचा दर्जा आहे. धूळ, पाणी आणि उड्या सोसण्याची हमी त्यात नाही. त्यापेक्षा रबरी झाकणाची बेअरिंग आहे का ते बघावं (2आरएस असं कोरलेलं असतं). माप सहसा 608: आतलं भोक 8 मिमी, बाहेरचा व्यास 22, जाडी 7. हे सगळीकडे मिळतं, म्हणून 608 नसलेली स्कूटर टाळलेली बरी.

घडी

आजच्या ॲल्युमिनियमच्या घडीच्या स्कूटरचा साचा 1990 च्या दशकात विम औबोटर या स्विस माणसाने घडवला, तो चालायला लांब आणि गाडी काढायला जवळ अशा स्वतःच्या जाण्यायेण्यासाठी. घडी ही पहिल्यापासून मोठ्या माणसाची सोय आहे. मुलाच्या दृष्टीने ती ऐन मोक्याच्या जागी, हँडलच्या मुळाशी, मुद्दाम ठेवलेला सांधा आहे. म्हणून दुकानात सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवावा.

आधी सांधा आवळून धरणारी लिव्हर. उघडीपासून अर्ध्यात आली की तिने प्रतिकार सुरू करावा आणि शेवटचा भाग तळहाताने दाबावा लागावा. बोटाने सहज बसत असेल तर सैल. पायाने ठोकावी लागत असेल तर जास्त आवळलेली. मग दुसरी कडी: लिव्हर चुकून उघडली तरी दांडा लगेच कोसळू नये म्हणून वेगळा खटका असतो. ईएन 71 घडीच्या दांड्याला कडी मागतं, पण आम्ही दोन बघतो. एकच कडी असलेली स्कूटर आम्ही हातातही घेत नाही.

त्यानंतर घडी दहा वेळा उघडायची-मिटायची. दहाही वेळा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. नवव्यांदा आला नाही तर वर्षभरात कितीदा येणार नाही, याचा विचार करा. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पुढे-मागे ढकलायचं. कुरकुर चालेल, हालचाल नको. हलतंय ते सांध्यात की हेडसेटमध्ये (हँडलचा दांडा जिथे फिरतो तिथल्या बेअरिंगमध्ये), हे समजायला सांध्यावर बोट टेकवून ठेवायचं. दोन भाग एकमेकांवर सरकत असतील तर बोटाला लगेच कळतं.

बोटावरून आठवलं. सांध्याजवळच्या हलत्या फटी 5 मिमीहून लहान हव्यात, नाहीतर 12 मिमीहून मोठ्या. मधल्या फटीत मुलाचं बोट जातं आणि बाहेर येत नाही. सोपी चाचणी म्हणजे पेन्सिल घालून बघणं. शिसपेन्सिल जात असेल आणि मोठ्या माणसाचं बोट जात नसेल, तर ती फट नको. आठेक वर्षांपर्यंत घडी घालायचं काम मोठ्यांनीच करायचं, हा नियम या घरात पहिल्या दिवशीच ठरला.

मिटलेली स्कूटर एका हाताने उचलून हलवून पाहिली. मिटलेल्या अवस्थेतही खटका बसतो की नाही हे फार जण पाहत नाहीत. नसेल तर जिन्यात दांडा उघडतो आणि नडगीवर बसतो. चौथीला तो खटका होता.

मुलीची चाचणी

दुकानात जागा नव्हती, म्हणून बाहेर सपाट जागेवर पंधरा मीटर. एका पायावर तीन-चार सेकंद सरळ घसरत गेली: दोनचाकीला तयार. हँडल वळवताना पुढचं चाक बुटाच्या टोकाला लागलं नाही. मागचं मडगार्ड दाबून थांबणं मात्र पहिल्यांदा जमलं नाही. तिने टाच टेकवली पण अंगाचा भार पुढेच ठेवला. मडगार्ड नुसतं घासलं. उभ्या पायाचा गुडघा वाकवून भार मागे न्यायला सांगितल्यावर पाचव्या प्रयत्नात थांबली. मडगार्ड धातूचं असावं आणि सोडल्यावर स्प्रिंगने पूर्ण वर यावं. प्लास्टिकचं तापून मऊ पडतं. हातब्रेकची या वयात घाई नको. साडेपाच वर्षांची बोटं लिव्हरपर्यंत नीट पोचत नाहीत, आणि घडीच्या स्कूटरला केबल रोज वाकते.

हेल्मेट सोबतच घेतलं. भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्याखाली एक बोट. बागेत घसरगुंडीवर किंवा शिडीवर चढायच्या आधी ते काढायचं, कारण हेल्मेट गजांत अडकून पट्टा गळ्याला फास बसवू शकतो.

पुढे काय काय बिघडलं

तिसऱ्या आठवड्यात सांध्यातून खडखड येऊ लागली. घरच्यांना वाटलं, स्कूटर फसवी निघाली. तसं नव्हतं, नवे पृष्ठभाग एकमेकांत बसले की लिव्हरचा ताण कमी होतोच. लिव्हर उघडून समोरचा नट पाव फेरा आवळायचा, मिटून बघायचं, गरज पडली तर आणखी पाव. एकदम पूर्ण फेरा दिला तर लिव्हर मिटतच नाही, मग कोणीतरी ती बुटाने दाबतं आणि गोलाईची कड झिजून ताण कायमचा जातो.

सहाव्या आठवड्यात हँडल आणि चाक एका रेषेत राहिनात. मुलीने स्कूटर आडवी टाकायची सवय लावून घेतली होती. क्लॅम्पचे दोन बोल्ट 5 मिमी ॲलन कीने (षटकोनी चावीने) सैल केले, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर क्लॅम्प तिरका बसतो आणि आठवड्यात पुन्हा तेच.

तिसऱ्या महिन्यात, पावसाची वाळू खाऊन, चाकं घरघरायला लागली. घरातल्या कोणीतरी चांगल्या मनाने पातळ तेलाचा फवारा मारला होता. त्याने चाकं दोन दिवस सुळसुळीत फिरली आणि मग आधीपेक्षा वाईट झाली, कारण आतलं ग्रीस धुऊन गेलं होतं आणि तेलाला धूळ चिकटली होती. चार नवी 608 बेअरिंग टाकावी लागली. चाक काढायला दोन ॲलन की लागतात, आसाच्या दोन्ही टोकांना एकेक, 5 किंवा 6 मिमी. बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं तर नवी बेअरिंग तिथेच बाद होते. दोन बेअरिंगमधली छोटी नळी हरवू द्यायची नाही. ती नसली तर बोल्ट आवळला की चाक जाम होतं, मग बोल्ट सैल ठेवला जातो, आणि असा सैल बोल्ट रस्त्यात गळून पडतो. ओली स्कूटर कापडाने पुसावी, नळाखाली धरू नये.

पाचव्या महिन्यात मागच्या चाकाला सपाट चट्टा पडला. कारण मुलगीच: ब्रेक जाम दाबून घसरत थांबण्यात तिला मजा येत होती. चट्टा पडलेलं चाक दर फेऱ्याला ठोके देतं आणि तो धक्का पायाला जाणवतो. पुढचं-मागचं चाक एकाच मापाचं घेतल्याचा फायदा इथे झाला. चाकांची अदलाबदल करता आली. रबरासारख्या थराला चीर गेली किंवा आतला कडक गाभा दिसू लागला की मात्र अदलाबदल नाही, नवं चाक.

ढकलणारा पाय ती कायम उजवाच वापरत होती. उभ्या डाव्या पायावर सगळा भार येतो, म्हणून शाळेत जाताना एक पाय आणि येताना दुसरा असं ठरवून दिलं. आठ दिवस कुरकुर झाली.

हँडल वर चढवताना

उंची 122 सेमी झाली तेव्हा बेंबी फूटबोर्डपासून साधारण 71 सेमीवर आली, हँडल अजून 68.5 वर. हीच वेळ. बेंबीच्या पातळीला येताच घाई केली असती तर हँडल एकदम 8 सेमी वर गेलं असतं. अडीच-तीन सेमी खाली जाऊ दिल्यावर नवं भोक पाच-साडेपाच वर पडतं, जे चालतं. दोन वर्षं न हललेला खटका आत अडकला होता. पक्कड लावून ओढला असता तर पत्रा वाकला असता. क्लॅम्प पूर्ण सैल केला, दांडा डावी-उजवीकडे फिरवत वर काढला, नळीतली वाळू कोरड्या कापडाने पुसली, खटका अंगठ्याने दहा-बारा वेळा दाबला आणि दांडा बसवला. भोकातून खटका पूर्ण बाहेर आला की नाही हे बोटाने चाचपून मगच क्लॅम्प आवळायचा. पहिले दोन-तीन दिवस ती वळणं मोठी घेत होती. दांडा लांब झाला की तेवढ्याच वळणाला हातांना जास्त अंतर हलावं लागल्यासारखं वाटतं. शाळेच्या रस्त्यावर न्यायच्या आधी सपाट जागेवर थांबण्याचा सराव पुन्हा दहा वेळा करून घेतला, कारण दोन वर्षांत तिचं वजनही पाच किलोंनी वाढलं होतं आणि तेच मडगार्ड आता जास्त भार थांबवत होतं.